येरवड्यातली न नेलेली वर्दी

पुण्याहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंत? शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग यांतलं मी काहीही पाहिलेलं नाही. मी येरवड्यातली एक बंद होत आलेली लाँड्री पाहिली, आणि तिथून जे घेऊन आलो ते तिथेच राहिलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. तरी लिहितो आहे. आमच्या अमरावतीची मंडळी मुलांकडे पुण्याला जातात, महिनाभर बाल्कनीत बसतात आणि ट्रॅफिकच्या कहाण्या घेऊन परत येतात. त्यांना निदान एक वेगळी हकिकत वाचायला मिळेल.

आधी माझ्या वेडाविषयी सांगायला हवं. मी नौदलाच्या जुन्या वर्द्या आणि टोप्या जमवतो. नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, म्हणजे पाण्याशी संबंध धरणाच्या भिंतीपुरता. अमरावतीला समुद्र म्हणावा तर वडाळीचा तलाव. त्यामुळे लोक हसतात, आणि हसण्यासारखंच आहे ते. पण टोपी हातात आली की ती कुठली, कधीची, कुणाची, हे मला बऱ्यापैकी सांगता येतं. बिल्ल्यावर नांगराच्या वर मुकुट असेल तर ती इंग्रजांच्या वेळची. सिंहमुद्रा असेल तर प्रजासत्ताकानंतरची. साध्या खलाशाची टोपी गोल, बिनचोचीची, भोवती काळी फीत आणि फितीवर सोनेरी अक्षरांत जहाजाचं नाव. महायुद्धातल्या फितींवर जहाजाचं नाव नसायचं, शत्रूला कळू नये म्हणून. सदऱ्याच्या बाहीवर ज्याच्या त्याच्या कामाची खूण असते: तोफेवरच्या माणसाला तोफ, इंजिनवाल्याला जहाजाचा पंखा.

हे सगळं मी बघतो, पण नंतर. सगळ्यात आधी मी टोपी उलटी करतो. आत कपाळाला लागते तिथे कापडाची एक पांढरी पट्टी शिवलेली असते आणि तिच्यावर खलाशानं शाईनं आपलं नाव घातलेलं असतं. मी ते नाव वाचतो. ते आमच्या वसंताचं नसतं. मग बाकीचं बघायला लागतो.

वसंता आमचा थोरला भाऊ. त्याच्यामागे ताई, आणि मी शेंडेफळ. मॅट्रिक होताच तो नौदलात गेला, इंजिनाच्या कामावर. आमच्या वस्तीतून समुद्रावर गेलेला तो पहिला, त्यामुळे तो सुटीवर आला की बुद्धविहारात त्याला पुढच्या सतरंजीवर बसवत. पुढे घरी न विचारता त्यानं नोकरी सोडली. बाबांनी बोलणं टाकलं. ताई त्याच्यावर जीव टाकायची, म्हणून तिचा राग सगळ्यांत मोठा. ती म्हणाली, आता या घरात तोंड दाखवू नको. तो गेला. नंतर वस्तीतला एक जण, खडकीच्या कारखान्यात कामाला होता, त्याला पुण्यात भेटला आणि ताईचं लग्न ठरल्याचं त्यानं वसंताला सांगितलं. वसंता म्हणाला, "सुमनला सांगा, वर्दी घालून येतो, वरातीत सगळ्यांच्या पुढं चालतो." सोडलेल्या नोकरीची वर्दी अशी मिरवायची नसते, पण तो वसंता होता. लग्न झालं, वरात गेली, तो आला नाही. त्यानंतर त्याची काही खबर नाही. नौदलाकडे चौकशी केली, ते म्हणाले, सेवा सोडलेल्या माणसाचा पत्ता आमच्याकडे नसतो.

ताईनं मनाशी एकच धरलं. वसंता रुसलाय. आपण बोललो ते त्याच्या जिव्हारी लागलंय. कितीदा घरात विषय निघाला की भन्तेजींना बोलावून, गेलेल्या माणसासाठी करतात तसं त्याच्या नावानं पुण्यानुमोदन करून टाकू, दान देऊ, पण ताई उठून आत जायची. ताई आता थकली आहे. गुडघे गेलेत, डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. या दिवाळीनंतर ती मला म्हणाली, "बाबू, मले एकदा कळू दे. मंग मी जातो." आमच्याकडे बायाही असंच बोलतात.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्याच्या जुन्या बाजारातल्या रफिकभाईंनी माझ्या मोबाईलवर एक फोटो पाठवला. पांढरी गोल टोपी, जराशी कलती धरलेली. आतल्या पट्टीचा एक तुकडा दिसत होता. शाई पसरलेली, सुरुवात अंधारात, रफिकभाईंनीही ती नीट वाचली नव्हती, पण शेवटची इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. ए, डी, ई. आम्ही वानखडे.

बिबवेवाडी

उतरलो आनंदकडे. आनंद ताईचा मुलगा, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, बिबवेवाडीत अकराव्या मजल्यावर राहतो. फाटकाशी वॉचमननं माझा फोटो काढला, तो आनंदच्या मोबाईलवर गेला, आनंदनं तिकडून मान्य केलं आणि मग मला आत सोडलं. मी त्याचा सख्खा मामा. आमच्याकडे पाहुणा नाक्यावर रिक्षातून उतरला की घरात चहा चढलेला असतो, कारण मधल्या दहा घरांनी वर्दी दिलेली असते. इथे शेजारच्या दारावरची पाटी वाचून मला शेजाऱ्याचं नाव कळलं, आनंदला ते माहीत नव्हतं.

खाली मात्र बरं वाटलं. पिठाची गिरणी, झेरॉक्सवाला, ब्लाउज शिवणारी बाई, चपला दुरुस्त करणारा, सगळे एकाला एक चिकटून. सकाळी आनंदच्या बायकोनं, स्नेहलनं, पोहे केले. वर शेव आणि ओलं खोबरं. मी सवयीनं विचारलं, तर्री कुठाय? ती म्हणाली, "मामा, इथं पोह्यांवर तर्री कोणी घेत नाही हो." माझी तक्रार नाही, पोहे चांगलेच होते, पण चमचाभर झणझणीत रश्शाशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटेना.

आनंदनं तो फोटो लॅपटॉपवर घेऊन खूप मोठा केला. मोठा केल्यावर होती तीही अक्षरं चौकोन चौकोन होऊन गेली.

"मामा, सिरियसली, फार एक्स्पेक्टेशन ठेवू नका," तो म्हणाला. "ए-डी-ई म्हणजे काही प्रूफ नाही. रानडे आहेत, तावडे आहेत, माझ्या टीममध्येच एक खाडे आहे."

"खाडे नौदलात होता का?"

"तसं नाही हो. आईला कशाला होप द्यायची, एवढंच म्हणतोय."

बोलला ते खरं होतं, म्हणून मला राग आला.

रफिकभाईंनी नंबर दिला होता, मी ती टोपी जिथे निघाली त्या लाँड्रीच्या बाईंना फोन लावला. लीलाबाई त्यांचं नाव. नवरा वर्षापूर्वी गेला, दुकान विकायला काढलंय, जुनं सामान पाहायला रफिकभाई गेले तेव्हा फळीवर कपड्यांच्या गाठोड्यामागे ही वर्दी निघाली. मी म्हटलं, मी अमरावतीहून मुद्दाम आलोय, आत्ता येऊ का?

"आज नको," त्या म्हणाल्या. "परवा या. तुम्ही लांबून आलाय. जरा झटकून, काढून ठेवते."

मी बरं म्हटलं.

जुना बाजार, मंडई

मधला दिवस रविवार होता, म्हणजे जुन्या बाजाराचा दिवस. रस्त्याकडेला पथाऱ्या पडतात आणि पुण्यातल्या घराघरांतून बाहेर पडलेलं सगळं तिथे येऊन पडतं. दिवाणाचे पाय, बिनतारेची सतार, कुलपं आणि दुसरीकडे त्यांच्या किल्ल्या, नाटकाच्या ढाली, लष्करातले डबे आणि बूट. आमच्याकडे जुनं सामान विकायची लाज वाटते, लोक भंगारवाल्याला मागच्या दारानं बोलावतात. इथे एक सभ्य गृहस्थ आपलाच जुना टाइपरायटर विकत घ्यायला आलेल्या माणसाला तो कसा वापरायचा हे समजावत होते, आणि समजावता समजावता त्याची परीक्षा घेत होते.

एका पथारीवर मला नौदलाची टोपी दिसली. बिल्ल्यावर मुकुट. विक्रेता म्हणाला, "ब्रिटिश आहे, ओरिजिनल." कापडाला चहाचा वास येत होता, जुनी दिसावी म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलेली. मुकुटाचा धागा नायलॉनचा.

"ब्रिटिशांच्या टोपीला नायलॉन कुठून आलं?" मी विचारलं.

"इंग्लंडमधून," तो म्हणाला.

तरी सवयीनं मी ती उलटी केलीच. आत पट्टी नव्हती, एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचा शिक्का होता.

रफिकभाई फोनवर सांगितलेल्या जागी होते. वीसेक वर्षं आमची ओळख, पण फोनवरची. प्रत्यक्षात ते आवाजापेक्षा बरेच लहान निघाले. "काका, मी टोपी तेव्हाच उचलली असती," ते म्हणाले, "पण बाई देईनात. म्हणे वर्दी विकायची नसते, ज्याची त्याला द्यायची असते. त्यांच्या मिस्टरांचा तसा नियम होता. न नेलेल्या साड्या, पँटी सगळ्या वाटून टाकल्या, ही तेवढी ठेवली. मी म्हटलं, मग माझ्या काकांना भेटा."

मला त्या न पाहिलेल्या लाँड्रीवाल्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. इतकी वर्षं मी कपाटं भरत होतो ती असा एक हट्टी माणूस कुठेतरी असेल या आशेवर.

तिथून रमतगमत मंडईकडे गेलो. मंडईजवळच्या एका माडीवर नाटकाचे आणि गॅदरिंगचे पोशाख भाड्यानं मिळतात. अशा दुकानांत कधीकधी खरी वर्दी सापडते. नौदलातला कुणी निवृत्त झाला की घरचे देऊन टाकतात आणि मग तिच्यात शाळेतली मुलं 'सारे जहाँ से अच्छा' म्हणतात. मालक पेपर वाचत होते. मी म्हटलं, नौदलाचं काही जुनं असेल तर बघायचं होतं.

"आपण घालणार, की नातू?"

"कुणीच नाही. नुसतं बघायचंय."

"बघायला केळकर संग्रहालय आहे," ते पेपरातून मान न काढता म्हणाले. "इथे घालायला मिळतं."

पण पाच मिनिटांनी त्यांनीच दोन हँगर काढून समोर ठेवले. एकावर खरी चौकोनी कॉलर होती, पाठीवर पडणारी, कडेला पांढऱ्या रेघा, आणि खाली प्लॅस्टिकचं बटण लावलेला सॅटिनचा सदरा. मी त्यांना सांगितलं, एवढी कॉलर खरी आहे, धुताना जपा. ते म्हणाले, "गेली पंधरा वर्षं जपतोच आहोत. आपण आजच आलात."

खाली मंडईत ढीग लागले होते. थंडीतले मटार, गाजरं, मुळे, आणि पुरंदरकडचे अंजीर, पानांवर मांडलेले. आमच्याकडे संत्र्याचा दिमाख, पण असं अंजीर आमच्याकडे येईपर्यंत त्याचा लगदा होतो. लीलाबाईंसाठी एक खोकं घेतलं. उभ्या उभ्या दोन खाल्ले. त्या दुपारी मला खरंच बरं वाटत होतं. ताईला फोन करून म्हटलंसुद्धा, उद्या नाव वाचतो. ती म्हणाली, "नीट वाच. चष्मा घेऊन जा."

येरवडा

पूल ओलांडून रिक्षा येरवड्यात शिरली. तुरुंगाची लांबच लांब भिंत, वर पसरलेले जुने वृक्ष, आणि भिंतीच्या आत काय चाललंय याच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखी सकाळची रहदारी. गल्लीत आत गेल्यावर लाँड्री सापडली. पाटीवरचा रंग उडालेला, काउंटरवर कोळशाची मोठी इस्त्री थंड पडलेली. लीलाबाई दाराशीच उभ्या होत्या. ठेंगण्या, पांढरे केस घट्ट बांधलेले, साडी कडक इस्त्रीची. आधी पाणी दिलं, मग चहा, मग अंजिराचं खोकं घेत म्हणाल्या, "आवो, हे कशाला आणलं?" आणि ते आत ठेवून एक गाठोडं घेऊन आल्या. पांढऱ्याशुभ्र फडक्यात बांधलेलं, गाठ सुटसुटीत.

फडकं सोडलं. गडद निळ्या सर्जच्या लोकरी कापडाचा सदरा, ब्रश मारून इतका साफ केलेला की कालचा वाटावा. कॉलर नीळ घालून धुतलेली. पँट ढगळ पायांची, आणि तिच्यावर घड्या आडव्या. खलाशांच्या पँटला उभी इस्त्री नसते. छोट्या पेटीत मावावी म्हणून ती आडवी दुमडत, आणि ती आडवी घडीच मग त्यांची शान झाली. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. बाहीवर लाल धाग्यानं भरलेला पंखा होता. इंजिनवाल्याचा.

"ही घडी तुम्ही घातलीत?" मी विचारलं.

"मग काय. त्यानंच सांगितलं होतं तशी."

टोपी सगळ्यात खाली होती. पांढरी, खळ घातलेली, भोवतीची फीत मात्र नव्हती. नोकरी सोडताना काढली असेल. मी चष्मा लावला आणि टोपी उलटी केली.

आत पट्टी होती. नवी कोरी, पांढरी, बारीक टाक्यांनी सुरेख शिवलेली. तिच्यावर काहीही नव्हतं.

मला आधी समजलंच नाही. मी टोपी फिरवून फिरवून पाहिली. मग विचारलं, "इथं एक जुनी पट्टी होती ना?"

"होती की," लीलाबाई म्हणाल्या. "पार कुजली होती. हात लावला तर भुगा पडत होता. घामाची, काळी. काढली आणि नवीन घातली. आमच्या यांच्या जुन्या धोतराचं कापड आहे, टिकेल."

"ती कुठं आहे?"

"कुठं म्हणजे?"

"ती जुनी पट्टी."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "कचऱ्यात टाकली. सकाळी घंटागाडी आली होती."

मी उठलोच. "ओल्यात टाकलीत की सुक्यात?" असं मी त्यांना विचारलं, आणि ते विचारताना मला कळत होतं की आपण काय विचारतो आहोत. त्या म्हणाल्या, सुक्यात. आम्ही दोघं गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथे कचरा वेगळा करणाऱ्या दोन बाया बसल्या होत्या. लीलाबाईंनी त्यांना विचारलं. एकीनं हातातलं पोतं खाली ठेवून सरळ सांगितलं, "काकू, आपली गाडी तर कधीच गेली. आणि चिंधी कुठं निवडतोय कोण, चिंध्या जाळायलाच जातात." दुसरी मला म्हणाली, "सोन्याचं काही होतं का त्यात?" मी नाही म्हटलं.

परत येऊन बसलो. मला ओरडायचं होतं. पण कुणावर ओरडणार? त्या बाई सत्तरीच्या पुढच्या, दोन दिवस बसून त्यांनी ते सगळं धुतलं होतं, खळ केली होती, कोळसा पेटवून आडव्या घड्या घातल्या होत्या. लाँड्रीत आलेलं कापड मळकं परत द्यायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"मला वाटलं, कुणाच्या तरी घरचं माणूस येतंय," त्या म्हणाल्या. "आता तो माणूस आहे का नाही, देव जाणे. असं कुजकं, घामेजलेलं कुणाच्या हातात द्यायचं? आमचे हे असते तर त्यांनीही असंच केलं असतं. तुम्ही काही बोलला नाहीत हो फोनवर."

नव्हतो बोललो. फोटोवरून नाव वाचायला जातोय हे माझ्या लेखी इतकं उघड होतं की ते बोलायची गोष्टच वाटली नाही.

मग मी त्यांना माणसाबद्दल विचारलं. काहीतरी पदरात पडावं म्हणून. त्या तेव्हा नव्यानं लग्न होऊन आलेल्या. "इथं मिलिट्रीचे लई कपडे यायचे, खाकी. असले निळे मी पहिल्यांदा बघितले. म्हणून लक्षात राहिला. उंच होता. हसरा."

वसंता उंच होता. म्हणजे माझ्या आठवणीत तो उंच आहे, पण तेव्हा मी त्याच्या कमरेएवढा होतो. मी सदऱ्याची बाही माझ्या हाताशी लावून पाहिली. बरोबर मनगटापर्यंत आली. त्यानं काय सिद्ध होतं ते मला विचारू नका.

"बोलायचा कसा? आमच्यासारखं?"

"यांच्याशी हिंदीत बोलायचा, मिलिट्रीवाले बोलतात तसं. माझ्याशी मराठीत, दोन-चार शब्द. मी पँट घेऊन उभी इस्त्री मारायला लागले, तर म्हणाला, वहिनी, आडव्या मारा, आडव्या. हे हसायला लागले. म्हणाले, असली पँट घालून जाशील तर लोक म्हणतील पेटीतनं उठून आलाय. तर तो म्हणाला, म्हणू दे, बहिणीचं लग्न आहे, सगळ्यांच्या पुढं चालायचंय मला."

मी टोपी फडक्यावर ठेवली.

"कुठं होतं लग्न?"

"गावाचं नाव नाही आठवत. लांब होतं. उद्या नेतो म्हणाला, रातची गाडी आहे. आम्ही वाट बघितली. मग यांनी वर ठेवून दिली. म्हणाले, वर्दीवाला माणूस आज ना उद्या येतोच."

उंच, इंजिनवाला, बहिणीचं लग्न, आणि गेलेली तीन अक्षरं. इतकं जुळत होतं की नाही म्हणवत नव्हतं, आणि ज्या एका गोष्टीनं हो म्हणता आलं असतं ती सकाळच्या गाडीतून गेली होती. आयुष्यभर मी टोपी आधी उलटी करत आलो, आणि जी टोपी खरंच उलटी करायची होती तिच्यात कोरं कापड.

निघताना लीलाबाईंनी गाठोडं माझ्या हातात दिलं. पैशाचं विचारायचं माझ्या मनातही आलं नाही, विचारलं असतं तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं. "तुमचाच असेल," त्या म्हणाल्या. "मनात आणा की तुमचाच आहे."

संध्याकाळी बिबवेवाडीला आनंदला सगळं सांगितलं. पट्टीचं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, नाव गेलं ते गेलं, पण निदान ताईला एक तर सांगता येईल. तो रुसला नव्हता. तो येणार होता, वर्दी इस्त्रीला टाकली होती. इतकी वर्षं ती स्वतःला खाते आहे, ते तरी थांबेल.

आनंदनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "आईला हे सांगणार आहात?"

"का नाही सांगणार?"

स्नेहलनं मला परतीच्या गाडीसाठी पराठे बांधून दिले आणि त्यांत, माझी आठवण ठेवून, ठेचा दिला.

अमरावती

ताई ओसरीवर बसली होती. मी गाठोडं तिच्यासमोर ठेवलं आणि सोडलं. तिनं हात लावला नाही. वाकून सदऱ्याकडे बघितलं, पँटच्या घड्यांकडे बघितलं.

"नाव वाचलं?"

मी सगळं सांगितलं. पट्टीचं, घंटागाडीचं. मला वाटलं होतं ती लीलाबाईंवर चिडेल. ती म्हणाली, "बिचारीनं धुतलं तरी." मग म्हणाली, "अजून काय म्हणे ते बाई?"

तेव्हा मी ते सांगितलं. येतानाच्या अख्ख्या वाटेवर मी ते वाक्य मनात घोळवत आलो होतो, एखाद्या आजारी माणसासाठी औषध आणावं तसं. म्हटलं, ताई, तो रुसला नव्हता. तुझ्या बोलण्याचं त्याला काही लागलं नव्हतं. तुझ्या लग्नाला येण्यासाठीच त्यानं ही वर्दी इस्त्रीला टाकली होती, दुसऱ्या दिवशीच्या रात्रीच्या गाडीनं तो निघणार होता. खात्री नाही, नाव नाही, पण तो असेल तर तो येत होता.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तिचा चेहरा उजळेल अशी माझी समजूत.

"येत होता," ती म्हणाली.

"हो."

"मंग आला काऊन नाही?"

इस्त्रीच्या कपड्यांची वाट बघणारा, हसरा, रात्रीच्या गाडीचा माणूस दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला का येत नाही, हे मी सगळ्या वाटेत एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. आनंदनं पुण्यात तसं का विचारलं ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, ताई, खात्री नाही म्हटलं ना, तो दुसराच कुणी असेल.

"तुही खात्री तू ठेव," ती म्हणाली. गुडघ्यांवर हात ठेवून ती उठायला लागली, मी हात दिला तो तिनं घेतला नाही. "उद्या भन्तेजींले बोलाव. त्याच्या नावानं जे करायचं ते करून टाकू."

दारापर्यंत जाऊन ती थांबली. माझ्याकडे तिची पाठ होती.

"इतके वर्षं मी म्हणो, रुसला आहे, पण आहे. रुसलेलाच बरा होता रे, बाबू."